बिल्ला नंबर चौऱ्याहत्तर

नवी पेठेतल्या तीन मजली दुकानात
मी पिशव्या ठेवून घेतो.
दारातच टेबल, मागं लोखंडी मांडणी,
खिळ्यांना पितळी बिल्ले, एक ते दोनशे.
वसुबारसेपासून बिल्ले पुरत नाहीत.
मालक म्हणाले, अंबादास, पुठ्ठ्याचे कर.
जुन्या लग्नपत्रिका कापून मी आणखी शंभर केले.
कुणाच्या हातात गणपती जातो, कुणाच्या हातात
'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की'.

काल पेपरात आलं : बाजार फुलला, मंदी पळाली.
फोटो आमच्याच दारातला.
कोपऱ्यात माझा हात आहे,
मनगटापर्यंत.

गर्दी आहे, खोटं कशाला बोलू.
टिळक चौकापासून माणूस आपण होऊन चालत नाही,
मागचा ढकलेल तेवढा पुढं येतो.
'दोनवर एक फुकट' ओरडणारं भोंग्यावरचं पोरगं
चहाला थांबतं, तेवढ्यात
सगळी पेठ एकदम गप्प होते
आणि बायकांचे हात पर्सकडं जातात,
चाचपायला.

पण मी पेपरवाला नाही, मला वजन कळतं.
सव्वीस वर्षं माग चालवला, साखर पेठेत.
सुताचं बाचकं उचललं की सांगायचो,
पावशेर कमी आहे, परत ने.
पुढं माग भंगारात गेले. तेही किलोवरच.
हाताची खोड तेवढी राहिली.

तर ऐका.
सकाळी एक घर आलं, सहा माणसं.
दीड तासानं खाली उतरली,
सहाजणांत एक शर्ट.
तोही पोराला दोन साइज मोठा.
"वाढत्या अंगाचा आहे," आई मला सांगते.
मी विचारलं नव्हतं.
यंदा अख्ख्या सोलापूरची पोरं
वाढत्या अंगाची आहेत.

आमच्या गल्लीतली राजव्वा गुंडेटी,
साडीवरची चिठ्ठी रुपयांत वाचते
आणि विड्यांत मोजते :
साडेचार हजार.
म्हणजे पाच दिवस, पाठ धरली नाही तर.
पदर उलटा करून बघते, वीण बघते,
माझ्याकडं बघून तेलुगूत एक शिवी घालते साडीला
आणि घडी होती तश्शी घालून ठेवते.
ती घडी सेल्समनलासुद्धा जमत नाही.

एमआयडीसीतलं एक पोरगं मात्र
दोन्ही हात भरून निघालं.
म्हटलं, बोनस झाला का रे?
"छे हो. मोबाईलवर घेतलं. पैसे गड्ड्यानंतर."
गड्डा जानेवारीत.
तोवर ते कपडे कुणाचे, हे
त्यालाही माहीत नाही, मलाही नाही.

रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढलं.
मांडणीवर एकच पिशवी उरली. चौऱ्याहत्तर.
हातात घेतली, वजनच नाही.
उघडली. आत पिशवी. तिच्यात आणखी एक, तिच्यात आणखी एक.
सगळ्या धुतलेल्या, घड्या इस्त्री केल्यासारख्या.
किती आणायचं ठरवून निघाली असेल बाई
आणि न्यायला काहीच नव्हतं म्हणून
पिशवी विसरली असेल.

वर यंत्र नोटा मोजत फरफरत होतं.
मालक खाली आले, चष्मा पुसत.
"गर्दी दुप्पट, अंबादास,
गल्ला मागच्या वर्षीएवढाच.
भोंग्याचे पैसे निघाले, झालं."
मग पिशवीकडं बोट केलं : टाकून दे.
मी खिळ्याला लावली.

पाडव्याला दुपारी आली ती.
चाळिशीची, कपाळाला घाम,
मुठीत बिल्ला, पितळाचाच.
मी पिशवी दिली, उगाच बोलून गेलो,
रिकामीच होती बाई.
"रिकामी कशी? आत तीन हायती."

आणि तिथंच टेबलावर, मागं माणसं ताटकळत असताना,
एकेक बाहेर काढून
मोजून घेतल्या तिनं.
बरोबर भरल्या.